"ती एकटीच वाजवत होती, तुम्ही तिघं काय करत होतात?"

गेल्या थंडीत नाशिकमधल्या एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम झाला. आम्ही म्हणजे चार जण, चौघांच्या हातात नायलॉन तारांची साधी क्लासिकल गिटार, ना गायक ना तबला ना कीबोर्ड. प्रेक्षक साठ-सत्तर, त्यातले निम्मे घरचे आणि उरलेले घरच्यांनी ओढून आणलेले. शेवटचा आयटम होता 'बोलेरो'. मॉरिस रॅवेल या फ्रेंच संगीतकाराने १९२८ मध्ये अख्ख्या सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला हा तुकडा मी ऑफिस सांभाळून सात महिने बसून चार गिटारींसाठी उतरवला होता. टाळ्या पडल्या, मी खूश, आणि जिन्यात आत्याने गाठलं. "छान झालं हो, पण मला एक सांग, ती पहिली मुलगी एकटीच सगळं वाजवत होती, मग तुम्ही तिघं काय करत होतात?"

राग आला, खोटं कशाला बोला. घरी येऊन भावाने मागच्या रांगेतून घेतलेला व्हिडिओ बघितला तर आत्याचं शंभर टक्के बरोबर होतं. साउंडवाल्या दादांनी एक माइक पहिल्या गिटारीसमोर मस्त लावला होता आणि आमचे तीन जवळजवळ बंदच, म्हणजे प्रेक्षकांनी नऊ मिनिटं फक्त एक गिटार ऐकली आणि तीन माणसं गंभीर चेहरा करून हात हलवताना बघितली.

पण माइकचं सोडा, हा प्रश्न मला तसाही दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. चार गिटारी कशाला? ऑर्केस्ट्राचं संगीत गिटारवर कसं येतं? आणि तू सात महिने नक्की केलंस काय, नोट्स तर आधीच लिहिलेल्या होत्या ना? तर एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की गणपतीत चौकात होणारा गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यासमोर येतो, निवेदक, दोन गायक, ऑक्टोपॅड आणि मधे कोणीतरी किशोरकुमार. इथे तो ऑर्केस्ट्रा नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-नव्वद वादक, त्यात व्हायोलिनसारख्या गजाने वाजणाऱ्या वाद्यांचा मोठा जथा, बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकायची वाद्यं, ट्रम्पेट वगैरे पितळी आणि मागे ढोल-ताशे, म्हणजे त्यांच्याकडचे. समोर काठी घेऊन उभा तो कंडक्टर.

दुसरा शब्द 'अरेंजमेंट'. एका वाद्यासाठी किंवा ताफ्यासाठी लिहिलेलं संगीत दुसऱ्या ताफ्याला वाजवता येईल असं नव्याने मांडणं. हे काम करणारी माणसं आपल्याला नवीन नाहीत, फक्त आपण त्यांची नावं वाचत नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे व्हायोलिनचे लोटच्या लोट कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसूझा किंवा आपले अनिल मोहिले, हे अरेंजरच. मराठीत आपण संगीत संयोजन म्हणतो. मात्र सिनेमातला अरेंजर एका चालीभोवती पन्नास वादकांचा डोलारा उभा करायचा आणि मी करतो ते बरोबर उलटं आहे, उभा असलेला डोलारा उतरवून चार जणांत बसवायचा.

आणि 'क्वार्टेट' म्हणजे चौकडी, बस्स. चार गिटारींची चौकडी हा काही आमचा शोध नाही. स्पेनहून अमेरिकेत गेलेल्या सेलेडोनिओ रोमेरो यांनी १९६० मध्ये आपल्या तीन मुलांना घेऊन अशी चौकडी काढली, आणि नंतर १९८० मध्ये सुरू झालेल्या लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेटला तर २००५ मध्ये ग्रॅमी मिळालं. या मंडळींनी बीझेचा 'कार्मेन' ऑपेरा, स्पॅनिश संगीतकार फाय्याचं संगीत असलं सगळं ऑर्केस्ट्रातून खेचून गिटारवर आणलं.

ऐंशी माणसं असतात, पण ऐंशी वेगळ्या गोष्टी नसतात

हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. नाशिक ढोलचं पथक आठवा. पन्नास ढोल आणि वीस ताशे असतात, पण पन्नास ढोल पन्नास वेगळे ठोके वाजवत नाहीत, सगळे एकच ठोका वाजवतात, छातीत धडकतो तो एकत्रपणा. ताशा बारीक काम करतो, ढोल दणका देतो, झांज वरून चमक. म्हणजे सत्तर माणसं पण खरं बघायला गेलं तर तीन कामं.

ऑर्केस्ट्रातही तसंच. पहिल्या व्हायोलिनचे सोळा वादक एकच ओळ वाजवतात. त्यांच्याच सुरावर वर बासरी असते, एक सप्तक खाली चेलो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ असतो. हे डबलिंग काढून टाकलं की बहुतेक वेळा चार-पाच-सहा खऱ्या गोष्टी उरतात. एक मुख्य चाल, कधी तिला उत्तर देणारी दुसरी चाल, खालचा बास, मधली कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीची) भरण आणि ठेका. चार गिटारी, चोवीस तारा, वीस बोटं फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पडद्यांवर (अंगठे धरले तर, पण आमचा डावा अंगठा मानेमागे लपलेला असतो म्हणून सोळाच). हिशोब अगदीच अशक्य नाही असं तुम्हाला आता वाटत असेल. मलाही वाटलं होतं.

स्कोअर म्हणजे गावभरचे सातबारे एकाच टेबलावर

'स्कोअर' म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेलं पुस्तक. बोलेरोच्या शेवटच्या पानांवर पंचवीस-तीस ओळी एकदम चालू असतात. त्यात गंमत अशी की सगळ्या वाद्यांची लिहायची पद्धत एक नाही. क्लॅरिनेटच्या ओळीत सा लिहिलेला असतो तेव्हा ऐकू येतो त्याच्या एक स्वर खालचा. हॉर्न या पितळी वाद्याचं लिहिलेलं चार स्वर खाली वाजतं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी बहीण, तिच्यासाठी तर लिपीची खूणच वेगळी. म्हणजे एका भावाने जमीन गुंठ्यात सांगितली, दुसऱ्याने एकरात, तलाठ्याकडे हेक्टर-आर, आणि तुम्हाला वाटणी करायची आहे. आधी सगळं एका मापात आणायचं. माझे पहिले दोन महिने यातच गेले.

वर गिटारची स्वतःची खोड आहे. गिटारचं संगीत कागदावर लिहिलेलं असतं त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतं. हे मला पुस्तकातून माहिती होतं पण हाताला माहिती नव्हतं, म्हणून सुरुवातीला मी व्हायोलिनची एक ओळ जशीच्या तशी कॉपी केली आणि आम्ही चौघं वाजवायला बसलो तर अख्खा प्रकार गोणपाटात गुंडाळल्यासारखा. सगळे खालीच गुरगुरतायत. आमच्यातल्या पहिल्या गिटारवाल्या ताईंनी शांतपणे विचारलं, "हे वर होतं का हो मुळात?" होतं.

वाड्यातून टू बीएचकेत

पंचवटीतल्या जुन्या वाड्यातून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली घरं तुम्ही पाहिली असतील. देव्हारा येतो, पितळेचे डबे येतात, माजघरातला झोपाळा येत नाही. पण झोपाळ्याची एक कडी मात्र कोणीतरी जपून आणतं आणि बाल्कनीत तिला झाडाची कुंडी टांगतं. अरेंजमेंट बरीचशी ही असते. काय न्यायचं, काय सोडायचं, आणि जे मावत नाही त्याची कडी तरी कशी न्यायची.

जागेचा हिशोब असा. साध्या गिटारचा सगळ्यात खालचा सूर साधारण ८२ हर्ट्झ आणि एकोणिसाव्या फ्रेटवरचा सगळ्यात वरचा साधारण ९८८, म्हणजे साडेतीन सप्तकं. ऑर्केस्ट्रात डबल बास याच्या पूर्ण एक सप्तक खाली उतरतो आणि पिकोलो नावाची छोटी बासरी दोन सप्तकं वर चढते. म्हणजे तळमजला नाही आणि गच्चीही नाही. काही चौकड्या यावर वेगळी वाद्यं वापरतात, ब्राझिलियन गिटार क्वार्टेट तर आठ तारांच्या गिटारी घेते. आमच्याकडे सहा तारांच्याच आहेत आणि घरच्यांना आधीच चार गिटारी हप्त्यावर घेतल्याचं दुःख आहे.

मग पट्टी कुठली, म्हणजे सा हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर धरायचा? बोलेरो पांढरी एक मध्ये आहे. गिटारवर खालचा सा त्या पट्टीत मिळतो पण चेलोला मिळतो त्याच्या एक सप्तक वरचा. म्हणून पहिला विचार आला की सगळं पांढरी दोन मध्ये न्यावं आणि सहावी तार एक स्वर उतरवावी, गिटारवाले हे सर्रास करतात, खाली भरदार सा मिळतो. मी चाळीस पानं तशी लिहून काढली. आणि मग शेवटाकडे पोचलो.

बोलेरोत पंधरा मिनिटं एकच पट्टी चालते, दोनच चाली आलटून पालटून, आणि अगदी शेवटी, माणूस पार गुंगलेला असताना, रॅवेल अचानक पट्टी बदलून पांढरी तीन मध्ये उडी मारतो, आठ-एक बारच (बार म्हणजे तालाचा एक छोटा तुकडा), आणि परत खाली. तो क्षण म्हणजे त्या तुकड्याचा जीव आहे. आता मूळ पट्टी ठेवली तर ही उडी गिटारच्या लाडक्या पट्टीत पडते, पांढरी तीन मध्ये सहापैकी चार मोकळ्या तारा त्या पट्टीतल्याच निघतात, न दाबता घणघणतात. आणि मी जर सगळं एक स्वर वर नेलं असेल तर तीच उडी पडते काळी तीन मध्ये, जिथे सहापैकी एकच मोकळी तार कामाची. चार गिटारी, सगळ्या तारा दाबलेल्या, आवाज गळ्यात अडकल्यासारखा, आणि तोही नेमका तेव्हा जेव्हा छप्पर उडायला हवं.

चाळीस पानं फेकली. खालचा सा गेला तर गेला, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सा घ्यायचा आणि प त्याच्या खाली सहाव्या तारेवर. मूळ बास वर जातो तिथे आमचा खाली जातो. कान पहिले चार बार कुरकुरतो आणि मग सोडून देतो.

पण खरा वैरी वेगळाच: गिटारचा सूर मरतो

आत्तापर्यंत जे सांगितलं ते गणित होतं. व्हायोलिनवाला गज ओढतोय तोवर सूर जिवंत असतो, हवा तर तो मधेच फुगवताही येतो. बासरीवाल्याचा दम असेल तोवर सूर. गिटारची तार छेडली की त्या क्षणापासून तो सूर मरायलाच लागतो, वरच्या तारेवर तर दोन-तीन सेकंदात हवेत विरघळतो. सारंगी आणि सतार यांच्यातला फरक म्हणा. म्हणजे ऑर्केस्ट्राचं संगीत हे सूर धरणाऱ्यांचं आहे आणि ते आम्ही सूर सोडणाऱ्यांना वाजवायचंय.

माझ्या मते अरेंजरचं नव्वद टक्के डोकं इथेच जातं. नोट्स कमी करणं कारकुनी आहे, लांब सुराचं करायचं काय ही खरी भानगड.

आपल्याकडे हा प्रश्न शिवकुमार शर्मांपुढे होता. संतूरवर काठी मारली की टुण्ण, सूर संपला, यावर मींड कशी येणार, शास्त्रीय संगीत कसं होणार असं लोक म्हणायचे, तर त्यांनी वाद्यात बदल केले आणि काठी तारेवर अशी हलकेच थरथरवायला लागले की ठोक्यांचा धागा होऊन सूर लांबला. गिटारवर त्याचा भाऊ आहे ट्रेमोलो, अंगठा खाली एक सूर वाजवतो आणि तीन बोटं एकामागून एक तीच वरची तार इतक्या वेगाने छेडतात की कानाला सलग रेघ वाटते. सुंदर दिसतं आणि पटकन कंटाळा आणतं. पाच मिनिटं सलग ट्रेमोलो म्हणजे जेवणात नुसती श्रीखंडाची वाटी.

बोलेरोच्या चालीत मधे-मधे बारभर किंवा त्याहून लांब धरलेले स्वर आहेत. एक बार म्हणजे त्या संथ लयीत अडीच सेकंद. पहिल्या मसुद्यात मी ते तसेच ठेवले तर प्रत्येक लांब सुराच्या शेवटी भोक पडायचं. मग एक युक्ती सापडली (माझी नाही, सगळे वापरतात). पहिल्या गिटारीचा सूर मावळायला लागला की दुसऱ्या गिटारीने तोच सूर नखाने न छेडता बोटाच्या मांसाने, अगदी चोरपावलांनी, पुन्हा वाजवायचा. स्लॅब टाकताना घमेलं हातोहात वर जातं ना, तसं, घमेलं दिसतं, हात दिसत नाहीत. हे जमलं की ऐकणाऱ्याला वाटतं एकाच गिटारीने सूर धरलाय. फसलं तर वाटतं कोणीतरी उशिरा आलं.

दुसरी युक्ती म्हणजे एखादी सुरावट एकाच तारेवर न वाजवता शेजारच्या तारांवर वाटून द्यायची, म्हणजे आधीचा सूर वाजतच राहतो आणि पुढचा त्यावर सांडतो, देवळातल्या दोन घंटा एकामागून एक वाजल्यासारखा. आणि तिसरी युक्ती सगळ्यात बिनडोक पण कामाची, लय जराशी वाढवायची. रॅवेल संथ लयीबद्दल फार हट्टी होता. त्याची माफी मागून आम्ही थोडी वाढवली आणि काही आवर्तनंही कापली, म्हणून पंधराची नऊ मिनिटं झाली.

बोलेरोत तर सगळा खेळ रंगांचा, तेच काढले तर उरलं काय?

हा प्रश्न मला एका व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांनी विचारला आणि हा सगळ्यात टोचणारा आहे. बोलेरोत घडत काहीच नाही. चाल तीच, ठेका तोच, बदलतं फक्त वाद्य, आधी बासरी, मग क्लॅरिनेट, मग बासून नावाचं जाड आवाजाचं फुंकायचं वाद्य, पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. चारही गिटारींचा आवाज एक म्हटल्यावर हा खेळ संपलाच की.

याचं उत्तर गिटार हातात घेऊनच देता येतं, तरी सांगतो. पहिली तार मोकळी वाजवली तर जो सूर येतो तोच सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे, तिसऱ्याच्या नवव्यावर, चौथ्याच्या चौदाव्यावर आणि पाचव्याच्या एकोणिसाव्यावर. सूर एक, जागा पाच. मोकळा वाजवला की काचेसारखा, तिसऱ्या तारेवर जाडसर आणि थोडा दमलेला, पाचव्यावर तर दाराआडून कोणीतरी बोलतंय असा. त्यात उजवा हात. साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या पुढे सरकून मानेकडे छेडलं की गोड गोल, तारा बांधलेल्या असतात त्या ब्रिजजवळ छेडलं की पत्र्यासारखं. नख, मांस, तळहात तारेवर टेकवून दाबलेला ठक्क आवाज. ऑर्केस्ट्राएवढे रंग नाहीत, मान्य, पण एक-दोन नाहीत.

म्हणून बासरीची चाल आम्ही मानेकडे मांसाने वाजवतो. क्लॅरिनेटची तीच चाल तिसऱ्या तारेवर वर चढून. ट्रॉम्बोनवाला जिथे सूर घसरवत नेतो तिथे गिटारीला काही शिकवावंच लागत नाही, बोट तारेवरून घसरवलं की झालं.

मधे एक जागा आहे जिथे मला वाटलं छपाईत चूक आहे. हॉर्न मूळ पट्टीत चाल वाजवतोय आणि त्याच वेळी दोन पिकोलो तीच चाल दोन वेगळ्याच पट्ट्यांत वाजवतायत. एकाच वेळी तीन पट्ट्या! कागदावर बघितलं तर बोंबाबोंब. पण चूक नाही, रॅवेलचा चावटपणा आहे. कुठल्याही सुराच्या पोटात वरचे बारीक सूर लपलेले असतात, तानपुऱ्यात षड्ज छेडला तरी गंधार ऐकू येतो ना, ते. रॅवेलने ते लपलेले सूर उघडपणे वेगळ्या वाद्यांना दिलेत, त्यामुळे हॉर्न हॉर्नसारखा वाटतच नाही, चर्चमधल्या ऑर्गनसारखं काहीतरी तिसरंच वाद्य तयार होतं. गिटारवर आम्ही चाल एका गिटारीवर ठेवून वरच्या दोन ओळी हार्मोनिक्सने वाजवतो, म्हणजे तारेला बोट नुसतं टेकवून, न दाबता, घंटीसारखा आवाज काढून. अट एकच, त्या दोघांनी इतकं हळू वाजवायचं की आपण वाजवतोय याची स्वतःलाही शंका यावी. सराव करताना चारपैकी एकदा ते वाद्य खोलीत अवतरतं. बाकी तीनदा तीन गिटारी बेसूर वाजतायत असंच वाटतं, शेजारच्या काकूंनाही.

आणि तो ठेका. मूळ तुकड्यात स्नेअर ड्रम, म्हणजे खाली वायरी लावलेला छोटा कर्र वाजणारा ड्रम, एकच दोन बारांचा ठेका १६९ वेळा वाजवतो. गिटारवर ड्रम? होतो. सहावी तार ओढून पाचव्या तारेवर चढवायची, दोन्ही एकमेकींवर आडव्या पडल्या की डाव्या बोटांनी तिथेच फ्रेटवर दाबून धरायच्या आणि छेडायच्या. सूर जातो, उरते कोरडी खरखर, हुबेहूब स्नेअर. स्पेनच्या तारेगा या गिटारवादकाने शंभरेक वर्षांपूर्वीच हे वापरलंय. आमच्यात ही नोकरी तिसऱ्या गिटारीकडे आहे आणि तिसरी गिटार मी वाजवतो. आत्याबाई, मी हे करत होतो.

चार गिटारी म्हणजे चौपट आवाज ना?

नाही. आवाजाचं गणित पगारासारखं चालत नाही. एकाच्या चार गिटारी केल्या की सहा डेसिबल वाढतात, कानाला ते जेमतेम दीडपट वाटतं. आणि बोलेरो तर मुंगीच्या पावलाने सुरू होऊन शेवटी भिंती हलवतो.

छप्पर उंच करता येत नसेल तर जमीन खोल करायची. आम्ही सुरुवात इतकी बारीक करतो की पंख्याचा आवाज नडतो, म्हणून पंखे बंद, मे महिन्यात सुद्धा. मग हळूहळू गिटारी वाढतात, सूर वर सरकतात, एकेका सुराच्या जागी दोन मग पाच तारांच्या कॉर्ड येतात आणि शेवटी चौघंही पूर्ण हात उघडून सपासप ओढतो. मोजायला गेलं तर आवाज फार वाढलेला नसतो, दाटी वाढलेली असते. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणजे माइक चालू असतील तर.

मग सरळ मूळच का ऐकू नये?

ऐका की. मी तर म्हणतो आधी तेच ऐका. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, पण नाशिकहून जायचं म्हणजे कार्यक्रम संपेपर्यंत परतीची पंचवटी एक्स्प्रेस कधीच गेलेली असते. रेकॉर्डिंग नव्हतं त्या काळात युरोपातले लोकही सिम्फन्या घरच्या पियानोवर दोघांनी मिळून वाजवलेल्याच ऐकायचे, गावात ऑर्केस्ट्रा येईल तेव्हा येईल. आता मोबाईल आहे, तरी बोलेरो समोर बसून चार माणसांच्या बोटांतून निघताना बघणं हा वेगळाच कार्यक्रम आहे.

आणि मूळ कलाकृतीचा अपमान वगैरे म्हणाल तर रॅवेलने स्वतःच मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराचं १८७४ चं पियानोचं काम १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी करून दिलं, आणि स्वतःचा बोलेरो दोन पियानोंवरही बसवला. गिटारचं सगळ्यात गिटारी वाटणारं संगीत कुठलं विचारलं तर दहापैकी आठ जण स्पॅनिश संगीतकार अल्बेनिसचं 'अस्तुरियास' सांगतील. ते पियानोसाठी लिहिलेलं आहे, अल्बेनिसने गिटारसाठी काही लिहिलंच नाही.

तरी सगळंच गिटारवर येतं असं मी म्हणणार नाही. सोळा व्हायोलिन एकत्र वाजतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर वेगळा असतो आणि त्यातून जो मऊ गालिचा होतो तो चार गिटारींवर होत नाही, सात जन्मात नाही. ज्या संगीतात असे लांब गालिचेच आहेत त्याच्या वाटेला मी जात नाही. बोटांनी छेडलेले सूर, नाचाचे ठेके, स्पॅनिश वास असलेलं काहीही, हे मात्र कधीकधी मूळपेक्षा गिटारवर जास्त शोभतं, आणि बोलेरोची सुरुवात तर व्हायोला आणि चेलो गज बाजूला ठेवून बोटांनीच छेडतात.

सॉफ्टवेअर करून देत नाही का? आणि परवानगी?

म्यूजस्कोरसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे, मी तेच वापरतो, पण ते काहीही वाजवून दाखवतं हीच अडचण. एका गिटारीला सगळ्यात खालचे दोन सूर एकदम लिहून दिले तरी कॉम्प्युटर आनंदाने वाजवतो. माणसाला जमत नाही, कारण ते दोन्ही सूर फक्त सहाव्या तारेवर आहेत आणि एक तार एका वेळी एकच सूर देते. असल्या चुका मी पहिल्या मसुद्यात एकोणीस केल्या होत्या, आमच्या चौथ्या गिटारवाल्याने लाल पेनाने मोजून दिल्या.

परवानगीचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अरेंजमेंट हा मूळ रचनेचा 'रूपांतर' प्रकार धरलाय, म्हणजे हक्क जिवंत असतील तर विचारावं लागतं. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. रॅवेल १९३७ मध्ये गेला, तेव्हा त्याला विचारायची गरज नाही. एखाद्या चालू सिनेगाण्याची चौकडी करायची असेल तर मात्र आधी परवानगी, मग पेन.

परवा माझ्याकडेच सराव होता. आत्या आली होती, स्वयंपाकघरात आईबरोबर थालीपीठं लावत होती, दार अर्धं लोटलेलं, माइक अर्थातच नाही. सातव्या मिनिटाला घाम आला आणि माझी सहावी तार पाचव्यावरून सटकली. ठेका बंद. बाकी तिघं वाजवतायत, चाल व्यवस्थित चालू आहे, बास चालू आहे, मी खाली मान घालून तार परत चढवतोय. दीड-दोन बार गेले असतील.

आतून आवाज आला, "काय रे, थांबलास का?"